अर्ज कोणी भरायचा? महाराष्ट्रातल्या दोन कर्जमाफ्यांचा अभ्यास

महाराष्ट्र सरकारने अडीच वर्षांच्या अंतराने दोन कर्जमाफ्या दिल्या. जून २०१७ मध्ये ‘छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना’ आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. राज्य तेच, बँका त्याच, गावोगावची सेवा केंद्रेही बहुतेक तीच. आधार, अंगठ्याचे यंत्र, संकेतस्थळ, थेट खात्यात रक्कम ही साधने दोन्ही वेळा हाताशी होती. तरी पहिल्या वेळी शेतकरी महिनोन्‌महिने आधी रांगेत आणि मग यादीत अडकून राहिला. दुसऱ्या वेळी घोषणेनंतर दोन महिन्यांत पहिली यादी लागली आणि पुढच्या महिनाभरात सुमारे १९ लाख खात्यांत जवळपास १२ हजार कोटी रुपये पोहोचले.

विकसनशील देशांत डिजिटल तंत्रज्ञानाने कारभार सुधारतो का, या प्रश्नाची चर्चा बहुतेक वेळा साधनांभोवती फिरते. साधने तीच असताना निकाल इतके वेगळे लागल्याचे हे उदाहरण आपल्या घरचेच आहे, म्हणून ते बारकाईने पाहायला हवे. सगळी कागदपत्रे शेजारी ठेवली की मला एकच गोष्ट ठळक दिसते. पात्रता सिद्ध करण्याचे ओझे पहिल्या योजनेने शेतकऱ्यावर टाकले आणि दुसरीने बँकांवर. संगणकाचे काम त्यानंतर सुरू झाले.

ऑनलाइनचा आग्रह कुठून आला

१ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाईना. ११ जूनला सरकारने कर्जमाफी तत्त्वतः मान्य केली आणि २४ जूनला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी आकडे जाहीर केले: ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी, त्यांपैकी ४० लाखांचा सातबारा कोरा. दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ, त्याहून जास्त थकबाकी असलेल्यांना वरची रक्कम भरल्यास दीड लाखाचा लाभ, नियमित फेडणाऱ्यांना प्रोत्साहनपर रक्कम.

या योजनेत अर्ज ऑनलाइनच घ्यायचा, हा आग्रह उगाच आलेला नव्हता. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत कोण पात्र हे बँकांनीच ठरवले होते आणि याद्याही त्यांनीच केल्या होत्या. महालेखापरीक्षकांचा त्यावरचा अहवाल मार्च २०१३ मध्ये संसदेत आला. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २२ टक्क्यांहून अधिक खात्यांत चुका निघाल्या. काही अपात्रांना लाभ मिळाला होता आणि काही पात्र शेतकरी यादीतच नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यात मंजूर कर्जमर्यादेच्या वर दिलेल्या कर्जाला मिळालेली सुमारे ११२ कोटींची माफी शेतीकर्जाची शिखर बँक असलेल्या नाबार्डने अपात्र ठरवून परत घेतली आणि तो वाद पुढे न्यायालयात गेला. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची सल आणखी वेगळी होती. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच असल्याने पाच एकरांपेक्षा जास्त पण पावसावरच अवलंबून असलेली जमीन ज्याच्याकडे होती, त्याच्या पदरात फार थोडे पडले.

म्हणजे २०१७ मध्ये बँकांच्या याद्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही, हे सरकारचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यावर शोधलेला उपाय मात्र असा होता की बँकांनी केलेल्या गैरप्रकारांसाठी शेतकऱ्याची तपासणी सुरू झाली.

कर्ज नेमके कुठे लिहिलेले असते

पुढचे सगळे समजायला पीककर्जाची घडण माहीत हवी. महाराष्ट्रातल्या खेड्यात कर्ज बहुधा विकास सोसायटीतून मिळते. जिल्हा मध्यवर्ती बँक सोसायटीला कर्ज देते आणि सोसायटी सभासदाला. त्यामुळे कित्येक जिल्हा बँकांच्या संगणकात त्या काळी सोसायटीच्या नावचे एक मोठे खाते असे. कोणत्या सभासदाचे किती, मुद्दल किती, व्याज किती, पुनर्गठन कधी झाले, हा तपशील सोसायटीच्या सचिवाकडच्या खतावणीत हाताने लिहिलेला असायचा. एका सचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असणेही नेहमीचेच. देशभरातल्या ६३ हजार सोसायट्यांचे संगणकीकरण करण्याची २,५१६ कोटींची केंद्राची योजना जून २०२२ मध्ये मंजूर झाली. दोन्ही कर्जमाफ्या तोवर होऊन गेल्या होत्या.

आता नावांचे पाहू. समजा, वाशिम जिल्ह्यातला एक शेतकरी आहे. सातबाऱ्यावर तो ‘पांडुरंग किसन’, सोसायटीच्या खतावणीत ‘पांडू किसन’, आधारवर ‘पांडुरंग किसनराव’ आणि बचत खात्यावर इंग्रजी स्पेलिंगमध्ये, तेही त्या दिवशी खिडकीवर बसलेल्या कारकुनाने जसे ऐकले तसे. त्याच्या बायकोच्या आधारवर अजून माहेरचे आडनाव आहे. गावात कोणालाही विचारा, हा माणूस एकच आहे. चार नोंदींची जुळणी करणाऱ्या प्रणालीला मात्र इथे चार वेगळी माणसे दिसू शकतात.

पहिली योजना: एका अटीने लांबवलेली वाट

२०१७ च्या योजनेत एक अट होती, जिच्याकडे त्या वेळच्या वादात फारसे कोणी पाहिले नाही. दीड लाखाची मर्यादा प्रत्येक शेतकऱ्याला नव्हती, कुटुंबाला होती. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुले. खर्च आटोक्यात ठेवायचा तर अशी अट लावणे समजण्याजोगे आहे. पण कोणत्याही बँकेच्या कोणत्याही नोंदवहीत ‘कुटुंब’ नावाचा रकाना नसतो. नवऱ्याचे कर्ज सोसायटीत, बायकोचे राष्ट्रीयीकृत बँकेत, हे जोडणार कोण? शेतकऱ्यालाच विचारावे लागले. विचारायचे म्हणजे अर्ज आला. खोटे सांगितले तर काय, म्हणून आधार आणि अंगठा आला. शिवाय प्राप्तिकर भरणारे नकोत, सरकारी नोकरदार नकोत, ठरावीक रकमेच्या वर निवृत्तिवेतन घेणारे नकोत. प्रत्येक ‘नको’ पाठोपाठ अर्जात एक प्रश्न वाढला.

२४ जुलैपासून ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अर्ज घ्यायला सुरुवात झाली. मुदत १५ सप्टेंबरपर्यंत होती, ती २२ पर्यंत वाढवली गेली. खरिपाचे दिवस, निंदणी-फवारणीची घाई. माणसे मजुरी बुडवून तालुक्याला जात आणि ‘सर्व्हर डाऊन’ ऐकून परत येत. रेंज मिळावी म्हणून रात्री उशिरापर्यंत केंद्रे चालली. मातीत काम करून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नव्हते. पन्नास लाखांहून अधिक अर्ज भरले गेले ते या अवस्थेत. सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणांनी त्या दोन महिन्यांत केलेल्या कष्टांची नोंद कोणत्याही अहवालात झाल्याचे मी पाहिलेले नाही, म्हणून ती इथे करतो.

मग अर्जांचे चावडी वाचन झाले. गावसभेत नावे वाचून दाखवायची आणि हरकती घ्यायच्या. मला हा या योजनेतला सर्वांत शहाणा टप्पा वाटतो. कोण कोणाची बायको, कोण नोकरीला, कोणाची जमीन कोण कसतो, हे गावाला पाठ असते. दुर्दैवाने चावडीवर जे ठरले त्याला पुढच्या जुळणीत फारसे वजन राहिले नाही.

१८ ऑक्टोबर २०१७, ऐन दिवाळी. मुंबईत सह्याद्री अतिथिगृहावर काही शेतकरी जोडप्यांना बोलावून कर्जमाफीची प्रमाणपत्रे दिली गेली, जिल्ह्याजिल्ह्यांतही असे कार्यक्रम झाले. त्यानंतरच्या दिवसांत कळले की प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकीही अनेकांच्या खात्यात काही जमा झालेले नाही. यादी संकेतस्थळावर येऊन पुन्हा गायब झाली. एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली.

हे कसे घडले असावे, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. शेतकऱ्याचा अर्ज एकीकडे होता. दुसरीकडे बँकांना प्रत्येक कर्जखात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची होती. सचिवाच्या खतावणीतून ६६ रकाने, तेही काही आठवड्यांत आणि लाखो खात्यांसाठी. आधारच्या बारा अंकांतला शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे मनाने लिहिलेला क्रमांक यंत्र बहुतेक वेळा नाकारते. खरा क्रमांक दहा जणांपुढे लिहिला तर त्या पडताळणीत तो दहाही वेळा चालतो. रिकामा रकाना न स्वीकारणारी प्रणाली आणि डोक्यावर मुदतीची तलवार, अशा वेळी समोरचा माणूस रकाना कशाने तरी भरणार, हे आधीच ओळखायला हवे होते. दिवाळीचा मुहूर्त गाठायचा म्हणून थोड्या गावांत चाचणी घेण्याचा टप्पाच राहून गेला, ही माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महागात पडलेली गोष्ट आहे.

त्यानंतर अर्जांची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी झाली. हिरव्या यादीतला अर्ज बँकेच्या माहितीशी जुळलेला, लाल म्हणजे अपात्र, आणि अर्धवट जुळलेल्यांची पिवळी. आपला पांडुरंग पिवळ्या यादीत. त्याची पुन्हा तपासणी करायला तालुकास्तरीय समित्या नेमल्या गेल्या. म्हणजे ज्या मधल्या माणसांना वगळण्यासाठी संगणक आणला होता, शेवटी त्याच माणसांपुढे, तहसीलच्या गावी, कागदांचा गठ्ठा घेऊन शेतकरी उभा राहिला. दरम्यान तो थकबाकीदारच होता आणि बँक नवे कर्ज देत नव्हती. रब्बी गेली, पुढचा खरीप आला.

ही योजना दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळली. सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना १८ हजार कोटींच्या वर लाभ मिळाला. हा आकडा लहान नाही आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण जाहीर केलेल्या ८९ लाख आणि ३४ हजार कोटींशेजारी तो ठेवला की मधली दरी दिसते. तिच्यातले बरेच जण निकषांमुळे वगळले गेले. पात्र ठरूनही पैसे न मिळालेले साडेसहा लाखांच्या आसपास शेतकरी मागे राहिले.

दुसरी योजना: यादी आधी, अंगठा नंतर

२१ डिसेंबर २०१९ रोजी नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी नवी कर्जमुक्ती जाहीर केली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळातले, ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेले, दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज. या वेळी कुटुंबाची अट नव्हती, लाभ शेतकऱ्याला वैयक्तिक होता. या एका बदलाने अर्जाची गरजच संपली, कारण वैयक्तिक खात्याची माहिती बँकेकडे असतेच.

क्रम उलटा झाला. जानेवारी २०२० मध्ये ज्यांच्या कर्जखात्याला आधार जोडलेला नाही अशांच्या याद्या गावात आणि शाखेत लागल्या. ज्याचे नाव त्यात होते तेवढ्यानेच आधार जोडायला जायचे होते. बँकांनी पहिल्या वेळेपेक्षा बऱ्याच कमी रकान्यांत माहिती भरली. सरकारने ती तपासून प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक दिला आणि गावनिहाय याद्या लावल्या. शेतकरी आपला क्रमांक घेऊन सेवा केंद्रात किंवा बँकेत जाई. पडद्यावर त्याचे नाव आणि माफीची रक्कम दिसे. मान्य असेल तर अंगठा, नसेल तर तिथेच तक्रार, जी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जाई.

पैसे हलण्याआधी हिशेब शेतकऱ्याला दाखवणे आणि ‘हे मला मान्य नाही’ म्हणायची सोय ठेवणे, हा या योजनेतला खरा गाभा आहे. पहिल्या योजनेत अंगठा घेतला गेला तो अर्जदार खरा आहे का हे पाहायला. दुसरीत तोच अंगठा बँकेचा आकडा खरा आहे का हे पाहायलाही वापरला गेला. बँकांवर नजर ठेवायची होती ना? मग नजर ठेवणारा शेतकऱ्याइतका जागरूक दुसरा कोण मिळणार!

२४ फेब्रुवारीला पहिली यादी आली ती मुद्दाम छोटी: प्रत्येक जिल्ह्यातली दोन गावे, एकूण ६८ गावे, १५,३५८ खाती. काही दिवस अडचणी पाहून मग मोठ्या याद्या सोडल्या. पहिल्या योजनेचे चटके सोसलेले सहकार आणि माहिती तंत्रज्ञान विभागांतले अनेक जण इथे होतेच. त्या अपयशातून शिकलेले इथे कामाला आले असे मला वाटते, आणि श्रेय देताना ते विसरू नये.

मार्चमध्ये टाळेबंदी लागली. एकाच यंत्रावर शेकडो जणांनी बोट टेकवणे शक्य नव्हते. ११ लाखांहून अधिक शेतकरी यादीत असून अडकले, आणि खरीप तोंडावर आला. २२ मे २०२० च्या शासन निर्णयाने सांगितले की या खात्यांवर रक्कम ‘शासनाकडून येणे’ अशी दाखवा आणि शेतकऱ्याला नवे पीककर्ज द्या. अंगठ्यावाचूनही राज्य आपला शब्द कागदावर नोंदवू शकते, हे या निर्णयाने दाखवले. अर्थात शासनाकडून येणे असलेल्या रकमेतून बँकेच्या तिजोरीत रोकड येत नाही, आणि आधीच डबघाईला आलेल्या जिल्हा बँका नवे कर्ज कुठून देणार हा प्रश्न उरलाच. शेवटी या योजनेत सुमारे ३२ लाख खात्यांना २० हजार कोटींच्या वर लाभ मिळाला.

दुसरीतही कोण सुटले

दुसऱ्या योजनेचे कौतुक करताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. मुद्दल आणि व्याज मिळून दोन लाखांवर थोडी जरी रक्कम गेली, तरी शेतकरी पूर्ण बाहेर. पहिल्या योजनेत त्याला निदान एकरकमी परतफेडीचा मार्ग होता. दरवर्षी मार्चअखेर सावकाराकडून हातउसने घेऊन कर्ज ‘नवे-जुने’ करणारा, म्हणजे जुने फेडून लगेच नवे काढणारा शेतकरी कागदावर थकबाकीदार नसतो, म्हणून तोही बाहेर. बँकेच्या दृष्टीने तो आदर्श कर्जदार, प्रत्यक्षात सावकाराच्या पाशात. त्याला धरणारा रकाना कोणत्याच योजनेत नव्हता. नियमित फेडणाऱ्यांचे ५० हजारांपर्यंतचे प्रोत्साहन ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यायला सुरुवात झाली, याद्या आणि अंगठा याच पद्धतीने. यंत्रणा २०२० पासून तयार होती. उशीर निधीचा आणि निर्णयाचा होता.

सर्वांत गंभीर उणीव मात्र अर्ज नसण्यातच होती. बँकेने माहिती पाठवली नाही तर नाव यादीत येत नाही, आणि नाव आले नाही तर विशिष्ट क्रमांक नाही. क्रमांक नाही तर यंत्रावर तक्रारही नाही. २०१७ च्या लाल यादीतल्या माणसाच्या हातात निदान अर्जाची पावती होती, ती घेऊन तो भांडू शकत होता. २०२० मध्ये सुटलेल्याकडे दाखवायला कागदच नव्हता. सुटलेले किती, हे मोजायची सोय प्रणालीतच नव्हती, म्हणून तिचे यशाचे आकडे वाचताना मी नेहमी थोडा थांबतो.

शेजारच्या कर्नाटकाने २०१८ मध्ये मधला मार्ग काढला होता. शेतकऱ्याने बँकेच्या शाखेतच आधार, शिधापत्रिका आणि सर्व्हे क्रमांकासह स्वयंघोषणा द्यायची आणि सरकारने ती आपल्याकडच्या नोंदींशी ताडून पाहायची. कुटुंब ओळखायला शिधापत्रिका, जमीन ओळखायला ‘भूमी’ प्रकल्पाच्या नोंदी. तिथेही उशीर आणि वाद झाले. पण कुटुंबाची अट लावायचीच असेल तर कुटुंबाची नोंद असलेला कागद वापरावा, एवढा विचार तरी त्यात होता.

पुढची कर्जमाफी

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस नागपुरात झालेल्या शेतकरी आंदोलनानंतर सरकारने ३० जून २०२६ पूर्वी कर्जमाफीचा निर्णय घेण्याचे मान्य केले आणि समिती नेमली. या वेळी हाताशी आणखी एक साधन आहे, शेतकरी ओळख क्रमांक. कृषी विभागाच्या योजनांसाठी राज्यात तो १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक आहे. नावांची जुळणी त्याने सोपी होईल. पण तो सातबाऱ्यावर उभा आहे. बटईने किंवा ठोक्याने जमीन कसणारा, आणि राबत असूनही सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, या क्रमांकाच्या बाहेरच आहेत.

समितीने कर्जमाफीची रक्कम ठरवण्याआधी चार गोष्टी ठरवाव्यात असे मी कळकळीने सांगेन. सोसायटीच्या खतावणीतला आपला उतारा प्रत्येक सभासदाला यादीआधी महिनाभर हातात मिळावा. यादीत नाव नसलेल्याला ‘नाव का नाही’ हे विचारता यावे आणि त्याची क्रमांकासह पावती मिळावी. अंगठा उमटत नसेल तर मोबाइलवरचा ओटीपी किंवा तलाठ्याचा दाखला चालावा, आणि हे केंद्रचालकाच्या मर्जीवर न सोडता शासन निर्णयात लिहिलेले असावे. चौथी गोष्ट २०१७ पासून पात्र ठरून थांबलेल्यांची. सरकारे बदलली, संकेतस्थळ बंद झाले, पण राज्याने त्यांना पात्र ठरवले होते. त्यांना नव्याने काहीही सिद्ध करायला न लावता नव्या यादीत त्यांची नावे सर्वांत आधी घालावीत.